पंक्तीतलं शेवटचं पान

'शक्यता' हा शब्द आपण मराठी माणसांनी कधीच हवामान खात्याला देऊन टाकला आहे. कोकणात मुसळधार पावसाची शक्यता असते, मराठवाड्यात गारपिटीची असते. पण लग्न जमणं, बदली होणं आणि कॉलेजात प्रवेश मिळणं या तीन गोष्टींची शक्यता नसते, त्यांचे 'चान्सेस' असतात. तेही कायम अनेकवचनी. 'एकच चान्स आहे' असं कुणी म्हणालं, की त्या माणसाचं काही खरं नाही असं समजावं.

यंदाच्या जूनमध्ये हे चान्सेस आमच्या घरी मुक्कामाला आले. लेकीची बारावी झाली, इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी झाली आणि साताऱ्यातला जो भेटेल तो विचारू लागला, "मग, सीओईपीचे चान्सेस किती?" दूधवाला माप ओतता ओतता विचारायचा. न्हावी वस्तरा गळ्याशी असताना विचारायचा, आणि तेव्हा मी 'चांगले आहेत' असंच सांगायचो. एकदा पोवई नाक्यावर एक गृहस्थ मोटारसायकल माझ्या स्कूटरला चिकटवून विचारू लागले. उत्तर ऐकून हळहळले आणि निघून गेले. ते कोण होते हे मला अजून कळलेलं नाही.

अंदाज सांगायची मराठीची स्वतःची मोजपट्टी आहे. ती कुठल्या गणिताच्या पुस्तकात नाही, पण ती कळल्याशिवाय या राज्यात कुणी पालक होऊ नये. 'शंभर टक्के' म्हणजे साधारण पन्नास. सुतार 'उद्या शंभर टक्के येतो' म्हणतो, त्यावरून हे प्रमाण निघालेलं आहे. 'नक्की' म्हणजे चाळीस. 'होऊन जाईल' म्हणजे तीस, आणि ते होताना आपण तिथे नसू. 'तसं काही अवघड नाही' म्हणजे अवघड आहे. 'काही सांगता येत नाही' म्हणजे सांगता येतं, पण तुमच्या तोंडावर सांगवत नाही. आणि 'देवाच्या मनात असेल तर' याचा अर्थ, माणसांनी नाद सोडलेला आहे.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. समोर बसलेला माणूस कर्ज फेडेल की नाही, याचे चान्सेस काढणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. माझे अंदाज किती अचूक असतात ते आमच्या थकबाकीच्या यादीत कुणालाही वाचता येईल. तरी लेकीच्या प्रवेशाचा अंदाज आपणच काढायचा, असं मी ठरवलं. अनुभवाचा काहीतरी उपयोग व्हायला नको का?

निकालाच्या दिवशी मोबाईलवर आकडा उमटला: ९७.४४१८३२६.

मी तो तीनदा वाचला. आयुष्यात एवढी दशांश स्थळं मी कुठल्याही व्याजाला लावलेली नाहीत. सोनारसुद्धा तीन स्थळांवर थांबतो. आई आतून म्हणाली, "किती पडले गं?"

"पर्सेंटाईल आहे आजी," लेक ओरडली.

"परसात टाईल?" आई बाहेर आली. "परसात कशाला टाईल बसवताय? शेवाळ धरतं."

आईच्या कानाचं मशीन गेली चार वर्षं स्वतःच्या मर्जीने चालतं. त्यात शिट्टी वाजते, मग ती ते काढून ठेवते, आणि मग घरात असे संवाद होतात. मशीन बसवून झाल्यावर मी तिला समजावलं की हे टक्के नव्हेत. २०० मार्कांचा पेपर असतो. फिजिक्सचे ५० प्रश्न एकेका मार्काचे, केमिस्ट्रीचे ५० एकेका मार्काचे आणि गणिताचे ५० दोन-दोन मार्कांचे. पण पेपर एकाच दिवशी होत नाही. चार लाखांहून जास्त पोरं वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-दुपारच्या सत्रांत बसतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कुणाला सोपा येतो, कुणाला अवघड. म्हणून मार्कांऐवजी, तुझ्या सत्रातल्या शंभरातले किती जण तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत, ते सांगतात. मग सगळ्या सत्रांची पोरं एकाच रांगेत उभी करायची, आणि तिथे दोघं एकाच जागेवर येऊ नयेत म्हणून सात दशांश स्थळं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागे किती आहेत ते कशाला सांगतात? पंक्तीत आपल्या पुढे किती बसलेत आणि जिलबी किती उरली आहे, ते बघायचं असतं."

शिक्षणक्षेत्रातल्या कुठल्याही तज्ज्ञाने मला इतक्या थोडक्यात प्रवेशप्रक्रिया समजावलेली नाही. मी कागदावर हिशेब केला. ९७.४४ म्हणजे ऐकायला काय भारदस्त! पण चार लाखांचे अडीच टक्के पुढे, म्हणजे दहा-अकरा हजार पोरं आमच्या आधी पंक्तीला बसलेली. पेढ्यांचा पुडा मी अर्ध्या किलोवरून पाव किलोवर आणला.

आता सीओईपीबद्दल. साताऱ्याच्या माणसाची पुण्यात दोन श्रद्धास्थानं असतात. एक दगडूशेठचा गणपती आणि दुसरं शिवाजीनगरचं हे कॉलेज. १८५४ साली ते सुरू झालं. १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या इथूनच इंजिनिअर होऊन बाहेर पडले. मुळा नदीवर त्यांचा बोट क्लब आहे. पुण्याला जाताना त्या बाजूला गाडी गेली, की लेक दुसरीत असल्यापासून मी तिला ती दगडी इमारत दाखवत आलो. तिला तेव्हा फक्त बोटी दिसायच्या. २०२२ मध्ये ते विद्यापीठ झालं, पण आमच्या तोंडात अजून कॉलेजच आहे.

मुंबईच्या बाजूची माणसं हेच माटुंग्याच्या व्हीजेटीआयबद्दल बोलतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीसाठी ते निघालं आणि १९९७ मध्ये 'वीरमाता जिजाबाई' झालं. इंग्रजी आद्याक्षरं चारही तशीच राहिली. राणी गेली, राजमाता आली, आणि पोरांच्या टी-शर्टवरची अक्षरं बदलावी लागली नाहीत. इतकी काटकसरीची क्रांती महाराष्ट्रातच होऊ शकते.

तर या दोन्हींकडे कॉम्प्युटरला ९९.५ च्या खाली बातच नसते, हे सगळ्या साताऱ्याला माहीत होतं. तरी सगळे विचारत होते. त्यांना उत्तर नको होतं. त्यांना माझं तोंड बघायचं होतं.

मग घरात कटऑफची पीडीएफ आली. ही शेकड्याने पानं असलेली चीज ज्याने पाहिली नाही, त्याला साडेसातीची कल्पना यायची नाही. प्रत्येक पानावर कॉलेज, खाली ब्रँच, खाली चौकटी. प्रत्येक चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात तेच सात दशांश. चौकटींच्या डोक्यावर जीओपीईएनएस, जीओपीईएनएच, एलओपीईएनओ अशी अक्षरं. मी रात्री चष्मा लावून ती वाचायला बसायचो. पोथी वाचताना जसं एक बोट ओळीवर ठेवतात, तसं ठेवून. बायको म्हणाली, "एवढी दासबोधाची पारायणं केली असतीत तर आज वेगळेच चान्सेस असते."

तीन रात्रींनी उलगडा झाला. पहिलं जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरची, एस म्हणजे अख्ख्या राज्याची. इथे साताऱ्याचा खरा घोळ आहे. आम्ही पुण्याच्या बाजूचे. आजारी पडलो तर पुण्याला, शालू घ्यायचा तर पुण्याला, भांडण कोर्टात गेलं तर वकील पुण्याचा. पण आमचं विद्यापीठ कोल्हापूरचं. म्हणजे पुण्यातल्या खासगी कॉलेजच्या दृष्टीने आम्ही परगावचे पाहुणे. घरच्यांना सत्तर टक्के जागा, पाहुण्यांना तीस. आयुष्यभर खंबाटकी घाटातून ये-जा करून आम्ही 'ओ'च राहिलो.

आमचे मेव्हणे विम्याचे एजंट आहेत. माणूस कधी मरेल याचा अंदाज असलेला माणूस प्रवेशाच्या अंदाजात मागे कसा राहील? त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर वजाबाकी मांडली. पुण्यातलं एक बरं खासगी कॉलेज. एका वर्गात ६० जागा. त्यातल्या वीस टक्के संस्थेच्या पातळीवर भरतात. उरल्या ४८. त्यातल्या तीस टक्के पाहुण्यांच्या, म्हणजे १४. त्यातून वेगवेगळ्या प्रवर्गांच्या बाजूला काढल्या की खुल्या पाच-सहा. त्यातल्या तीस टक्के मुलींच्या.

"म्हणजे किती?" मी विचारलं.

"दोन," मेव्हणे म्हणाले आणि शेवटची पुरी उचलली.

साठ जागांचा हॉल घेतला होता, वऱ्हाड भरत भरत आमच्यापर्यंत आलं तेव्हा दोन पाट उरले होते. त्या दोन पाटांच्या चौकटीला 'एलओपीईएनओ' म्हणतात. सलग वाचलं तर 'लोपेनो'. ऐकायला एखादा इटालियन पदार्थ वाटतो, आणि आम्हाला तो तितकाच दुर्मीळ होता.

गेल्या वर्षी त्या लोपेनोत शेवटी जे कुणी बसलं होतं, त्याचा आकडा आमच्यापेक्षा थोडासाच वर होता. त्या रात्री माझ्या आयुष्यात ती मुलगी आली.

कटऑफ कॉलेज ठरवतं, असा माझा समज होता. प्राचार्य, दोन प्राध्यापक, चहा, बिस्किटं, आणि एक आकडा. तसं नसतं. कटऑफ म्हणजे जिला शेवटचं पान वाढलं, तिचा आकडा. तेवढंच. ती एक खरी, चालती-बोलती पोरगी असते. आमच्या नशिबाच्या फाटकावर उभी होती ती सतरा-अठरा वर्षांची, सोलापूरची म्हणा, सांगलीची म्हणा, कुणीतरी मुलगी. आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मी तिच्याबद्दल फार विचार करायला लागलो. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. शेवटच्या पाच मिनिटांत सगळी पोरं उरलेल्या प्रश्नांना ठोकून देतात. आमच्या लेकीने सात ठिकाणी 'सी' मारला होता. या मुलीने 'बी' मारला असणार आणि नेमका गणितात मारला असणार, तिथे दोन मार्क असतात. तिने तेवढा एक बी मारला नसता, तर काय बिघडलं असतं? आंघोळ करताना मी तिच्याशी मनातल्या मनात भांडायचो. एकदा बँकेत एका कर्जदाराचा फॉर्म तपासताना मी समासात तिचा आकडा लिहिला. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, हा कुठला व्याजदर?

"बाबा," लेक म्हणाली, "ती गेल्या वर्षीची आहे. ती आता सेकंड इयरला गेली. तिला सोडा."

पण लोक सोडू देत नव्हते. शेजारचे काका यायचे. त्यांचा सिद्धांत होता की यंदा कटऑफ खाली येणार, कारण पेपर अवघड होता. समोरच्या काकू सांगायच्या की वर जाणार, कारण पोरं वाढली. दोघंही एकाच वेळी आले की चहाला रंग चढायचा. "हिचा पेपर कुठल्या शिफ्टला होता?" काकू विचारायच्या. दुपारच्या, असं सांगितलं की त्या 'अगंबाई' म्हणायच्या. सकाळच्या असं सांगितलं असतं तरी त्या 'अगंबाई'च म्हणाल्या असत्या, हे मी पुढे पडताळून पाहिलं.

मी मोबाईलवर एक प्रेडिक्टर शोधला. त्यात पर्सेंटाईल टाकायचं, जिल्हा टाकायचा, फोन नंबर टाकायचा. नंबर सोडून बाकी काही चुकीचं टाकलं तरी चालतं, असं नंतर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू झाले. अत्यंत गोड आवाज. "सर, आपल्या डॉटरसाठी आम्ही सीट होल्ड केलीय." ज्या गावांची नावं मी फक्त एस.टी.च्या पाटीवर वाचली होती, तिथली कॉलेजं आमच्या मुलीसाठी डोळ्यांत प्राण आणून बसली होती. तिथे चान्सेस शंभर टक्के होते, म्हणजे खरे शंभर टक्के, सुताराचे नव्हेत. जिथे जायचंय तिथे आपण अकरा हजारावे, आणि जिथे जायचं नाही तिथे आपण पहिले!

मग एक समुपदेशक झाला. नाव सांगत नाही. फीही सांगत नाही, कारण ती बायकोला अजून माहीत नाही. त्याने रंगीत यादी दिली. लाल म्हणजे स्वप्न, पिवळं म्हणजे शक्य, हिरवं म्हणजे सुरक्षित. यादीला लॅमिनेशन केलेलं होतं. कधीही बदलणाऱ्या गोष्टीला लॅमिनेशन करणारा माणूस किती आत्मविश्वासाचा असेल! 'लोपेनो' त्याने लाल रंगवलं होतं. "पंधरा टक्के," तो म्हणाला. मी विचारलं, पंधराच का? तो म्हणाला, "सर, अनुभव." मी ओळखलं. कर्ज नामंजूर करताना मीही असंच सांगतो.

याच सुमारास न्यू जर्सीहून चुलतभावाचा फोन आला. त्याचा मुलगाही यंदा कॉलेजांना अर्ज करत होता. तिथल्या हार्वर्डमध्ये शंभर अर्जांतले पाचसुद्धा घेत नाहीत. बरं, कटऑफ वगैरे काही नाही. पैकीच्या पैकी मार्कांची पोरं परत पाठवतात. "इकडे निबंध मागतात रे," भाऊ रडवेल्या आवाजात म्हणाला, "तू कोण आहेस, तुला काय आवडतं, असं विचारतात. आता सतरा वर्षांच्या पोराला काय सांगता येणार तो कोण आहे? मी पंचावन्नचा आहे, मलाच सांगता येईना." मला त्याची दया आली. आमच्याकडे निदान शेवटचा माणूस सात दशांशांपर्यंत स्पष्ट दिसतो. तिकडे तर कोणाशी भांडायचं हेही कळत नाही.

शेवटी फॉर्म भरायचा दिवस आला. त्यात ३०० पर्याय भरता येतात. मी १४३ काढून ठेवले होते. लेकीच्या वहीत अकरा होते. शिवाय पहिल्या नंबरवर काय टाकायचं यावरून घरात दोन तट पडले. माझं म्हणणं होतं की पहिला नंबर हमखास लागेल असा टाकावा. पहिला पर्याय लागला म्हटलं की चारचौघांत बरं दिसतं. उगाच वर लाल रंग टाकून सुरुवातीलाच अपशकुन कशाला?

निकाल लावायला गणिताचे निवृत्त सर बोलावले. सरांनी मला नववीत शिकवलं होतं आणि तेव्हाही त्यांचं माझ्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. त्यांनी लॅमिनेशन केलेली यादी उलट-सुलट पाहिली आणि चहाच्या कपाखाली ठेवली. त्या यादीचा पहिला खरा उपयोग.

"हे बघ," सर म्हणाले, "कॉम्प्युटर काय करतो? पहिल्या नंबरच्या पोरापासून सुरुवात करतो. ज्याची पाळी येईल त्याची यादी वरून खाली वाचतो. जी पहिली मोकळी जागा दिसेल ती देतो आणि पुढच्याकडे जातो. तू वर अशक्य लिहिलंस, म्हणून खालचं शक्य रुसून जात नाही. आणि तू वर सोपं लिहिलंस, तर तो कॉम्प्युटर तुला तेच देईल. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागतो, पुढे जाता येत नाही. मग बस आयुष्यभर सोप्यावर."

"पण सर, चान्सेस?"

"चान्सेसचा रकाना कुठाय?" सरांनी चष्मा वर केला. "दाखव मला फॉर्मवर."

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. नाव होतं, जात प्रमाणपत्राचा रकाना होता, पर्यायांचे क्रमांक होते. चान्सेसचा रकाना नव्हता. वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता. पसंतीक्रम.

सहा आठवडे मी, मेव्हणे, काका, काकू, दूधवाला, न्हावी आणि पोवई नाक्यावरचे ते अनोळखी गृहस्थ ज्या गोष्टीसाठी डोकं फोडत होतो, ती सरकारने आम्हाला विचारलेलीच नव्हती. सरकारला एकच गोष्ट हवी होती. तुला काय आवडतं? न्यू जर्सीवाल्यांना निबंधात विचारतात, तेच आम्हाला क्रमांक घालून विचारलं होतं. आणि ते घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मी लेकीकडे पाहिलं. "तुला काय हवंय?"

"ईएनटीसी," ती म्हणाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. "कॉम्प्युटर तुम्हाला हवंय, बाबा."

"ईएनटीसी कशाला?"

तिने टेबलावरचं आजीचं कानाचं मशीन उचललं. त्याचं झाकण कधीच उघडलेलं होतं. शेजारी चष्म्याच्या दुकानात मिळतो तसा बारीक स्क्रू-ड्रायव्हर होता. "हे शिट्टी का मारतं माहितेय? कानात आवाज सोडतं, तो फटीतून बाहेर येतो, ह्याचा माईक तोच परत ऐकतो, परत मोठा करून सोडतो. स्वतःचंच ऐकून ओरडत बसतं. ते थांबवता येतं. कसं थांबवतात ते मला शिकायचंय."

स्वतःचंच ऐकून ओरडत बसतं. मी मेव्हण्यांकडे पाहिलं, मेव्हण्यांनी काकांकडे.

आई म्हणाली, "काय म्हणतेय ती?"

"इंजिनिअर होणार म्हणतेय," मी ओरडलो.

"मग व्हा म्हणावं. एवढी माणसं कशाला जमवलीत?"

फॉर्ममध्ये लेकीचे अकरा पर्याय गेले. शेवटी माझ्या समाधानासाठी तिने आणखी नऊ घेतले. माझ्या १४३ मधले उरलेले मी अजून जपून ठेवले आहेत. पहिला पर्याय सीओईपीचा, अर्थातच, पण ईएनटीसी. चौथ्या नंबरला ते पुण्यातलं बरं कॉलेज, ज्याच्या पाहुण्या मुलींसाठी दोन पाट होते.

पुढची प्रक्रिया ज्यांच्या घरात झाली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या झाली नाही त्यांना सांगून कळायची नाही. पहिल्या फेरीत अकरावा पर्याय लागला. काकू 'अगंबाई' म्हणाल्या. पहिला नव्हता, म्हणून थांबता येत होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला लागला तर घ्यावाच लागतो. आमचा सातवा लागला. पुन्हा थांबलो. वरचे वर सरकत होते. कुणी आयआयटीला गेलं, कुणी एनआयटीला, कुणाच्या बापाने अचानक मेडिकल म्हटलं, आणि जी जी जागा मोकळी झाली तिच्यामागचा एकेक जण पुढे सरकला. तिसऱ्या फेरीच्या दिवशी मी बँकेत होतो. पहिल्या सहांतला लागला तर तोच घ्यायचा, असा त्या फेरीचा नियम. फोन वाजला.

"बाबा, चौथा लागला."

लाल रंगातला, पंधरा टक्केवाला. समुपदेशकाला फोन केला. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं सर, शंभर टक्के."

लेक पुण्याला गेली. घर एकदम शांत झालं. आजीच्या मशीनची शिट्टी तेवढी उरली, कारण ती थांबवायचा धडा अजून वर्गात यायचा होता. दिवाळीला ती आली. पाडव्याच्या दिवशी माझ्या बँकेतले एक सहकारी फराळाला आले. त्यांची धाकटी यंदा बारावीला आहे. काखेत फाईल होती. दिवाळीत माणसं काखेत मिठाईचा पुडा घेऊन येतात. हा माणूस पीडीएफच्या प्रिंटा घेऊन आला होता. नवी, यंदाची, तिसऱ्या फेरीची.

"आता बघा," त्यांनी करंजी बाजूला सारून पान उघडलं. तेच कॉलेज, ईएनटीसी. बोट चौकटींवरून सरकत लोपेनोवर येऊन थांबलं. त्यांच्या बोटाच्या चालीवरून कळत होतं की या पानावर ते पहिल्यांदा आलेले नव्हते. "दोन जागा असतात हो फक्त. आणि ही शेवटची पोरगी बघा, काय आकडा घेऊन बसलीय. आमच्या हिच्या क्लासच्या टेस्टा धरल्या तर हिच्यापाशीच येऊन अडतंय सगळं. म्हणजे हिने जरा दोन मार्क कमी घेतले असते, काय बिघडलं असतं? मला तर रात्रीची झोप नाही या मुलीमुळे."

मी चौकटीत वाकून पाहिलं. कंसात ९७.४४१८३२६.

लेक चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्या गेल्या वर्षीच्या मुलीची, आंघोळीच्या वेळी मी जिला नाही नाही ते बोललो होतो तिची, मनातल्या मनात माफी मागत होतो.

"काका," लेक म्हणाली, "शेवटी तीन-दोन-सहा आहे ना?"

सहकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुला कसं माहीत?"

"ओळखीची आहे. तिने सात ठिकाणी 'सी' मारला होता." तिने त्यांच्या ताटलीत दोन चकल्या वाढल्या. "तिलाही कुणी चान्सेस देत नव्हतं. तुमच्या मुलीला काय आवडतं, काका?"

सहकारी बराच वेळ चकलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते काही अजून विचारलं नाही. पण बघू."

'बघू' म्हणजे शून्याच्या आसपास. मोजपट्टी सगळीकडे सारखीच असते.